आपला पेला, दुसऱ्याचा हात

स्वतःचा पेला स्वतः भरावा, की दुसरा भरेपर्यंत वाट पाहावी, या प्रश्नावर आपल्या सहा दर्शनांपैकी एकाने तरी मत दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आपल्याकडे पेल्याविषयी पहिली चौकशी 'आत काय आहे?' अशी होते, आणि उत्तर मिळाले की पुढची चर्चा आवाज चढवूनच होते. जपान्यांनी मात्र या बाबतीत पुष्कळ पुढचा विचार केलेला आहे.

क्योतोच्या दक्षिणेला फुशिमी म्हणून भाग आहे. तिथल्या मऊ पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या साके होते. ही गाळलेली दारू नव्हे. तांदूळ, पाणी, यीस्ट आणि 'कोजी' नावाची बुरशी यांच्या संगनमताने आंबवलेली. मद्यार्क साधारण 15-16 टक्के. आमच्या घरी भाताला बुरशी आली तर सौभाग्यवती माझ्याकडे संशयाने बघते; जपान्यांच्या बुरशीची करामत 2024 च्या डिसेंबरात युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत जाऊन बसली! नवी साके तयार झाली की दारावर सुगी झाडाच्या हिरव्या डहाळ्यांचा गोळा टांगतात. तो तपकिरी होत गेला, की आतली साके मुरत चालली असे समजावे. आपल्या लोणच्याच्या बरणीला ही सोय नाही.

अशा एका जुन्या साकेघरात मी चव घ्यायला बसलो. यजमान आजोबांनी दोन्ही हातांनी सुरई धरली, मी दोन्ही हातांनी पेला पुढे केला. मग सुरई मी घेतली आणि त्यांचा पेला भरला. रीत अशी, की आपला पेला आपण भरायचा नाही. पेला केवढा? दोन घोटांत तळ दिसणारा. आधी मला तो चिक्कूपणा वाटला. मग उमगले, की पेला लहान असला म्हणजे शेजाऱ्याकडे सारखे लक्ष ठेवावे लागते. आपल्याकडे लोक शेजाऱ्याकडे लक्ष ठेवतात, पण ते वेगळ्या कारणासाठी. आणि पुरे झाले असेल तर? पेला भरलेला तसाच राहू द्यायचा. पानावर दोन्ही हात आडवे धरून 'नको हो, नको' करण्यापेक्षा हे सोपे.

आता तुम्ही म्हणाल, मग यात तत्त्वज्ञान ते काय? सांगतो. याच रीतीपायी जपानी कचेऱ्यांतल्या मेजवान्यांत धाकट्यांनी साहेबांचे पेले भरत फिरायचे, असाही शिरस्ता पडला. तिथे लक्ष असते, पण ते बढतीकडे. त्यापेक्षा एकट्याने स्वतःच ओतून घेतलेली बरी. तिला तिकडे 'तेजाकु' म्हणतात आणि ते पाप नाही. म्हणजे ओतणे हा काही सद्‌गुण नव्हे. सुरई परत फिरून येते की नाही, यावर सगळे आहे. एकाच दिशेने वाहते ती चाकरी. दोन्हीकडे वाहते ती सोबत.

ही कसोटी आपल्या पंगतीला लावायला जरा धीर लागतो. आपणही हाताने वाढून घेत नाही. जिलबी समोरून गेली तरी वाढप्याची वाट पाहतो आणि आग्रहाच्या गोष्टी अभिमानाने सांगतो. पण घरातल्या बायका शेवटी बसतात, तोवर जिलब्या गार आणि पुरुष आडवे झालेले असतात. त्या वेळी वाढायला कोण उभा राहतो, एवढे बघावे आणि मग आपल्या आग्रहाचे कौतुक करावे.