शस्त्रक्रिया पाहणाऱ्याचा धर्म



आमच्या नागपूरच्या मिहानात एम्स रुग्णालय आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे लोकार्पण झाले. तेथे उपचारही होतात आणि वैद्यकीची मुले शिकतातही. जिथे म्हणून असे शिक्षण चालते, तिथे भाविक मंडळी एक पूर्वपक्ष करतात : "महाराज, आपलं माणूस बेशुद्ध पडलेलं, पोट उघडलेलं, आणि ही लेकरं भोवती उभी राहून बघणार. हे बरं का?" प्रश्न साधा नव्हे. दुसऱ्याचे उघडे दुःख पाहण्याचा अधिकार कोणाला?

आधी शास्त्र काय म्हणते ते पाहू. सुश्रुताने शिष्याला भोपळा, काकडी अशा फळांवर छेद शिकायला सांगितले. प्रेत पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवावे, आणि ते मऊ पडल्यावर वाळ्याच्या वा वेळूच्या कुंचीने हळूहळू खरडून एकेक अंग डोळ्यांनी पाहावे, असेही सांगितले. नुसत्या पोथीने शस्त्र धरता येत नाही. तेव्हा पाहणे आवश्यक, हे सिद्ध झाले. पण पाहावे कसे?

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी १८६९ च्या नोव्हेंबरात स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थिनी एका रुग्णालयात शस्त्रक्रियेचा पाठ पाहायला गेल्या. तिथल्या पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो केली, त्यांच्यावर कागदाचे बोळे फेकले. आता बघा, समोर रुग्ण, आणि यांचे लक्ष चेष्टेत! डोळे उघडे होते, पण दृष्टी नव्हती.

त्याच महाविद्यालयात १८८३ साली आमच्या आनंदीबाई जोशी शिकायला गेल्या. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे बाळ दहा दिवसांत गेले होते. योग्य उपचार मिळाले नव्हते. ते दुःख गाठीला बांधून त्या सातासमुद्रापार गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी एम. डी. झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचे काम ठरले होते. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा देह पडला. सेवा घडली नाही. मग ते शिकणे, ते पाहणे वाया गेले काय? नाही. फळ आपल्या हाती नसते, हेतू असतो. त्यांनी पाहिले ते दुसरीचे बाळ वाचावे म्हणून.

आपण पंढरीला जातो तेही पाहायलाच. पण दर्शन घेऊन माणूस होता तसाच परतला, तर त्याने मूर्ती पाहिली, देव पाहिला नाही. शस्त्रक्रियागृहातही हाच न्याय. टेबलावरचा देह हा कोणाचा तरी विठ्ठल आहे. त्याला पाहून करुणा वाढली तर ते दर्शन. नाही तर तमाशा.

म्हणून विद्यार्थ्याला सांगणे : बाबा, निजलेला माणूस 'नको' म्हणू शकत नाही. तो जागा असतानाच त्याला विचारावे. आत गेल्यावर जिभेला आवर घालावा. बाहेर आल्यावर त्याची गोष्ट गप्पांत वाटू नये. जे पाहिले ते ऋण आहे, आणि ते पुढच्या रुग्णाच्या सेवेनेच फिटते.

आणि घरच्या मंडळींना हात जोडून विनंती. आज ज्या डॉक्टरचा हात तुमच्या माणसाला वाचवतो, तो हात कोणाच्या तरी देहापाशी उभा राहूनच शिकला. ते देणारे आपल्याला ठाऊकही नाहीत. त्यांनी दिले म्हणून आपल्याला मिळाले. आता आपली पाळी आली, तर मनापासून 'हो' म्हणावे. मन घेत नसेल, तर 'नको' म्हणण्याचाही अधिकार आहे; त्यात पाप नाही. पण दिलेत, तर ते अन्नदानाहून उणे नव्हे.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल.