वेशीत आलेली नामी

शास्त्रपाठ : रूथ, अध्याय १ व २, २ राजे ८:१–६



चैत्राच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना ह्या जिल्ह्यांतील गावांच्या वाटांवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दिसू लागतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, कोपीचे बांबू व चटया, पाण्याचे पिंप, एखादी शेळी, आणि त्या सर्वांवर दाटीने बसलेली माणसे असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे ऊस तोडावयास गेलेली असतात. कित्येक पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांवर, तर कित्येक राज्याची सीमा ओलांडून कर्नाटकात, बेळगाव व बागलकोट जिल्ह्यांकडे. पाच-सहा महिने परमुलखात काढून ती आता आपल्या घरी येतात. आमच्या खेड्यांच्या मंडळ्यांतही अशी घरे आहेत. म्हणून परत येण्याविषयी शास्त्रात काय सांगितले आहे, ह्याचा विचार आज आपण करू.

शास्ते अंमल करीत होते त्या काळी बेथलेहेमात दुष्काळ पडला. बेथलेहेम ह्या नावाचा अर्थ भाकरीचे घर. परंतु भाकरीच्या घरातच भाकर राहिली नाही. तेव्हा अलीमलेख आपली बायको नामी व दोन मुलगे ह्यांस घेऊन मवाब देशी गेला. तो तेथे कायमचा राहावयास गेला नव्हता, काही काळ उपरी म्हणून राहावे एवढाच त्याचा विचार होता. पण काही काळाची दहा-एक वर्षे झाली. अलीमलेख तेथेच मेला, पुढे दोन्ही मुलगे मेले, आणि नामी उरली.

कोणी म्हणतात की, अलीमलेखाने जाण्यात पाप केले म्हणून हे घडले. शास्त्रात असे कोठेही लिहिलेले नाही. पोटासाठी परदेशी गेलेल्या मनुष्यावर शास्त्र दोष ठेवीत नाही. अब्राहाम दुष्काळात मिसरात गेला, याकोबाचे सारे घराणे धान्यासाठी तेथेच गेले. तेव्हा ज्याच्या रानात कुसळापलीकडे काही उगवत नाही आणि ज्याची विहीर मार्गशीर्षातच तळ दाखविते, त्याने कोयता हाती घेऊन बाहेरची वाट धरली, तर घरी बसलेल्याने त्याच्या श्रद्धेचे माप काढू नये. १९७२ च्या दुष्काळात ह्याच गावांतील आपले वाडवडील खडी फोडावयास व शहरांकडे गेले होते, हे आपण विसरू नये.

जाणाऱ्यांचे कष्ट कसे असतात हे ज्यांस ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता गणला जातो. निघण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती तोडलेल्या उसाच्या मजुरीतून फेडावयाची असते. पहाटे अंधारात फडात उतरावयाचे, ऊस तोडून, पाचट काढून, मोळ्या बांधून त्या डोक्यावरून गाडीत भरावयाच्या. गाडी रात्री आली तर रात्रीही भरावयाची. दुखणे आले व खाडा पडला, तर पैसे कापले जातात. बाळंतीण असो वा आजारी असो, फडास त्याची दया येत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण पाहून २०१९ साली राज्य शासनास चौकशीसाठी समिती नेमावी लागली, एवढ्यावरून हे ओझे किती जड आहे ते समजावे. हंगाम संपतो तेव्हा कोणाची उचल फिटलेली असते, कोणाची फिटलेली नसते. ज्याच्या अंगावर बाकी राहते, तो घरी येतो खरा, पण पुढच्या वर्षाचा त्याचा रस्ता आधीच ठरून गेलेला असतो.

आता नामीकडे पुन्हा वळू. परमेश्वराने आपल्या लोकांस अन्न दिले आहे हे वर्तमान तिने मवाबात ऐकले व ती निघाली. ती बेथलेहेमास पोहोचली तेव्हा सातूच्या हंगामाचा आरंभ होता, म्हणजे वल्हांडणाच्या आसपासचे दिवस, ज्या दिवसांत आमची माणसेही परत येतात. ती वेशीत येताच सारे गाव हलून गेले. ही नामीच काय, असे बायका एकमेकींस विचारू लागल्या. त्या प्रश्नात आश्चर्य होते, कीव होती, कदाचित थोडी कुजबुजही असेल. आणि नामीने आपले दुःख झाकले नाही. आपले नाव, ज्यात गोडपणाचा अर्थ आहे, ते तिने नाकारले. मला मारा म्हणा, म्हणजे कडू म्हणा, असे ती म्हणाली. मी भरलेली गेले व परमेश्वराने मला रिकामी परत आणिले, असा तिच्या बोलण्याचा भाव होता.

प्रियजनहो, परत येणाऱ्यास वेशीतला हा पहिला प्रश्न फार जड जातो. किती कमावून आणिले, पोर एवढी वाळली कशी, अंगावर किती राहिले, असे आपण सहज विचारतो. आपणांस ती वार्ता असते, पण ज्यास विचारले त्यास तो घाव असतो. पुष्कळ वेळा अशा कुटुंबातील माणसे पहिले दोन-तीन रविवार उपासनेस येत नाहीत. लोक त्यांस आळशी म्हणतात. खरे कारण हे असते की, दानाच्या पिशवीत टाकावयास हाती काही नसते, मुलांच्या अंगावर बरा कपडा नसतो, आणि देवळाच्या दारात तोच प्रश्न उभा असतो.

बेथलेहेमाच्या बायकांनी काय केले ते पाहा. त्यांनी तिचे कडू बोलणे ऐकून घेतले. त्यांनी तिला उपदेश केला नाही, आणि तिने सांगितले म्हणून तिला मारा असेही म्हटले नाही. सबंध पुस्तकात त्यानंतर कोणीही तिला मारा म्हणत नाही. ती नामीच राहते. पुढे तिच्या मांडीवर बाळ खेळू लागले, तेव्हा ह्याच शेजारणींनी आनंद केला व बाळाचे नाव ओबेद ठेविले. शोक करणाऱ्याचे बोलणे ऐकावे, पण त्याने निराशेत स्वतःस दिलेले नाव आपण त्यास चिकटवू नये, हा धडा आपण त्या बायकांपासून घ्यावा.

परंतु नुसत्या गोड बोलण्याने चूल पेटत नाही. नामीच्या घरी पहिली भाकर कोठून आली? ती बवाजाच्या शेतातून आली. कापणी करताना शेताचे कोपरे राखावे, विसरलेली पेंढी आणावयास मागे फिरू नये, ती उपरी, पोरकी व विधवा ह्यांच्यासाठी राहू द्यावी, असे नियमशास्त्रात सांगितले आहे. बवाजाने तो नियम पाळला, आणि नियमाहूनही अधिक केले. रूथ सरवा वेचीत असता त्याने गड्यांस सांगून ठेविले की, तिला धमकावू नका, आणि पेंढ्यांतून काही मुठी तिच्यासाठी मुद्दाम गळू द्या. म्हणजे तिला हात पसरावा लागला नाही. तिने आपल्या कष्टाने वेचले असेच सर्वांनी पाहिले. सायंकाळी तिने झोडले तेव्हा एफाभर सातू निघाले. गरजवंताचा मान राखून द्यावे कसे, हे ह्याहून चांगले कोणी शिकविलेले आम्हांस ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट शूनेमच्या बाईची. ही बाई संपन्न होती, तिला शेत होते, घर होते. सात वर्षांचा दुष्काळ येणार असे अलीशा संदेष्ट्याने तिला सांगितले, म्हणून ती आपल्या घराण्यासह पलिष्ट्यांच्या देशी जाऊन राहिली. सात वर्षांनी परत येऊन पाहते तो घर व शेत तिच्या हाती राहिले नव्हते. तिला राजाकडे दाद मागावी लागली. ती गेली त्याच वेळी अलीशाचा सेवक गेहजी राजास अलीशाच्या कृत्यांची हकीकत सांगत होता. हीच ती बाई आणि हाच तिचा मुलगा, अशी त्याने साक्ष दिली. राजाने एक अंमलदार तिच्याबरोबर दिला, आणि तिचे सर्व, तिच्या गैरहजेरीतील शेताच्या उत्पन्नासह, तिला परत देवविले.

येथे गेहजीकडे लक्ष द्या. तो काही पवित्र मनुष्य नव्हता. नामानाच्या बाबतीत त्याने केलेला लोभ आपण जाणतो. तरी त्याने बाईस ओळखले, तिच्यासाठी तोंड उघडले, आणि तेवढ्याने तिचे काम झाले. परत आलेल्या मनुष्यास त्याची ओळख सांगणारा कोणीतरी लागतो. त्यासाठी मोठे साधुत्व लागत नाही. शाळेच्या दारापर्यंत, तलाठ्याच्या कचेरीपर्यंत, रेशनच्या दुकानापर्यंत त्याच्याबरोबर चालत जाणारा शेजारी लागतो.

शाळेचीच गोष्ट घ्या. सहा महिने वर्गाबाहेर राहिलेले मूल परत आले की, दाखला आणा मग पाहू, असे उत्तर कोठे कोठे मिळते, आणि बाप गप्प परत फिरतो. त्यास कोणी सांगत नाही की, मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा त्याच्या बाजूने आहे. मूल राज्यातून राज्यात कोणत्याही कारणाने गेले तरी त्यास शाळा बदलण्याचा हक्क आहे, आणि दाखल्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे त्या कायद्याच्या पाचव्या कलमात आहे. वयाप्रमाणे वर्गात घेऊन मागे राहिलेल्यास विशेष शिक्षण द्यावे, हे चौथ्या कलमात आहे. मंडळीत वाचता येणारी माणसे आहेत. त्यांनी हे त्या बापास सांगावे, आणि शक्य तर त्याच्याबरोबर जावे.

आणखी एक गोष्ट आहे. नामी आपणांस रिकामी म्हणाली तेव्हा रूथ तिच्या शेजारीच उभी होती. ती मवाबी होती, परकी होती, आणि गावाने तिच्याकडे पाहिलेदेखील नसावे. पण जिला नामीने हिशेबात धरले नाही, तीच तिचा खरा ठेवा ठरली. पुढे शेजारणींनीच कबूल केले की, ही सून सात मुलांहून अधिक आहे. तिच्या पोटी ओबेद, ओबेदाचा इशाय, इशायाचा दावीद, आणि त्याच वंशात देहाने आपला प्रभू जन्मास आला. म्हणून परत आलेल्यांबरोबर जे कोणी नवे आले असेल, त्यास परके मानू नका. कर्नाटकात राहून आलेले पोर पाण्यास नीरु म्हणू लागले, तर मुले त्यास हसतात व मोठेही हसतात. परंतु आपल्या मराठीतही पाण्यास नीर म्हणतातच. मग हसावयाचे कशास? ते पोर एक जास्त भाषा घेऊन आले आहे. कानडी मुलखातील सून आली असेल, तर स्त्रियांनी तिला देवळात आपल्याजवळ बसवावे.

मार्च २०२० मध्ये रोगाच्या भयाने सर्व वाटा बंद झाल्या, तेव्हा ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या आसपास अडकून पडली, आणि एप्रिलात शासनाने परवानगी दिल्यावर ती गावांकडे निघाली. त्या दिवसांत कित्येक गावांनी वेशीवर काट्या टाकिल्या होत्या. रोग आवरणे अवश्य होते हे खरे. परंतु ती काटेरी वेस पाहून आपलीच माणसे बाहेर उभी राहिली, हे त्यांच्या लेकरांनी पाहिले आहे. आता रस्त्यावर काट्या नाहीत. मनात काही उरल्या असतील, तर त्या आपणच उचलाव्या.

मंडळीच्या पंचांस आमची विनंती आहे. कोणते घर परत आले आहे ह्याची चौकशी करून आठ दिवसांच्या आत त्याच्या दारी जावे. जाताना शेरभर धान्य न्यावे, आणि हंगामाचा हिशेब विचारू नये. त्यांनी स्वतः उचलीचा कागद दाखविला, तर तो वाचून समजावून द्यावा. सहा महिने दिसले नाहीत म्हणून कोणाचे नाव मंडळीच्या पटावरून खाली सरकवू नये. ज्याच्याकडे पेरणीपर्यंत काम आहे, त्याने ते आधी ह्या घरास द्यावे. बवाजाप्रमाणे मुद्दाम काही मुठी गळू द्याव्या, आणि त्याचा डंका वाजवू नये.

आणि परत आलेल्या प्रियजनहो, तुम्हांसही एक शब्द. तुमच्या देवळातील जागा तुमच्याच नावे आहे. ती दानावर मिळत नाही. हात रिकामे असले तरी या. नामीने आपले रिकामेपण सर्वांदेखत सांगितले, ते कडू होते, तरी देवाने ते ऐकले व तिला टाकिले नाही. ती कडू मनाने का होईना, वाटेस लागली. परत येण्यास तेवढे पुरले. पुढचे देवाने आणि शेजाऱ्यांनी केले.

ज्या प्रभूस ह्या पृथ्वीवर डोके टेकावयास ठिकाण नव्हते, तो वाटेवरील प्रत्येक कुटुंबास सुखरूप आपल्या उंबरठ्यावर आणो, आणि त्यांचा उंबरठा उघडा ठेवण्याचे काम आमच्या हातून करवून घेवो. आमेन.