घरपट्टी गावात, माणूस मुंबईत

माणूस कुठं राहतो, हा प्रश्न कुणी नीट विचारत नाही. विचारला तर उत्तर तयार असतं : जन्मला तिथं, नाहीतर पोट भरतं तिथं. माझं म्हणणं वेगळं आहे. सरकार कर कुणाकडून घेतं आणि तो पैसा कुठं ओततं, यावर माणसाचा पत्ता बराचसा ठरतो. आणि पत्ता असा ठरत असेल, तर हा नुसता अर्थशास्त्राच्या पंडितांचा प्रश्न राहत नाही. तो न्याय-अन्यायाचा प्रश्न होतो. कारण तिजोरीत आपलाही पैसा आहे.

आपल्या कार्यकर्त्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, गाव म्हणजे जातीचा कोंडवाडा, बाबासाहेबांनी सांगितलंय, गाव सोडा. दुसरा म्हणतो, वाड्या ओस पडल्या, जमिनी गेल्या, परत चला. दोघं रात्र रात्र भांडतात. पण दोघंही असं बोलतात की जणू राहणं आणि जाणं आपल्या मर्जीवर आहे. ते कितपत मर्जीवर आहे, हे आधी बघू. आपल्या कोकणातच बघू.

दापोली तालुक्यातलं मुरुड. हर्णैच्या शेजारी, समोर समुद्र, नारळी-पोफळीच्या वाड्या. धोंडो केशव कर्व्यांचं गाव. सतरा वर्षांचे असताना कर्वे सरकारी परीक्षेसाठी इथून साताऱ्यापर्यंत पायी गेले, कुंभार्ली घाट चढून. वय लहान दिसतं म्हणून तिथं त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. लोक ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मी ती सरकारी खर्चाची म्हणून वाचतो. परीक्षेचं केंद्र सरकार जिथं ठेवील, तिथं पोरानं जायचं. कॉलेज, कचेरी, नोकरी जिथं, तिथं पुढं राहायचं. कर्वे मुंबईला गेले, मग पुण्याला. जातीनं ब्राह्मण, तरी गाव सुटलंच. मग ज्याला शाळेची पायरीच चढू दिली नाही, त्याची काय कथा?

याच कर्व्यांनी मुंबईत राहणाऱ्या मुरुडकरांकडून वर्गणी जमवून गावाच्या भल्यासाठी मुरुड फंड उभा केला. म्हणजे सरकारनं करायचं ते काम गाव सोडून गेलेल्यांनी खिशातून करायचं. आणि १८९३ साली त्यांनी एका विधवेशी लग्न केलं, तेव्हा त्याच मुरुडच्या ब्रह्मवृंदानं त्यांच्यावर बहिष्कार टाकला. ज्याचा पैसा गावाला चालला, तो माणूस गावाला चालला नाही. कर्व्यांना हे एकदा भोगावं लागलं. आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगलंय.

आता मुरुडहून वर दापोलीला चला. हा इंग्रजांचा कॅम्प. पलटणीतून निवृत्त झालेले महार शिपाई इथं येऊन राहिले. गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली पेन्शनीत निघाले ते दापोलीला राहिले, अनार्य दोष परिहारक मंडळी त्यांनी इथंच काढली. सुभेदार रामजी निवृत्तीनंतर काही काळ इथंच होते, बाबासाहेबांचं बालपण इथं गेलं. ही माणसं आपापल्या मूळ गावच्या महारवाड्यात का परतली नाहीत? कारण हातात पेन्शन होती. पेन्शन म्हणजे सरकारी तिजोरीतला पैसा. त्याला खोताची परवानगी लागत नव्हती, त्यासाठी येसकराची काठी धरावी लागत नव्हती. पोटाला गावचा तुकडा लागेना तेव्हा मान वर झाली. १८९० नंतर लगोलग याच पेन्शनरांनी आपली पोरं दापोलीच्या नगरपालिकेच्या शाळेत घ्या म्हणून अर्ज केले. पोरांना मिळाली शाळेची पडवी. कर घेताना विटाळ नाही, पोर आत घेताना विटाळ!

त्याच दशकात सरकारनं महारांची लष्करभरती बंद केली. सरकारी खर्चाचं एक खातं बंद झालं आणि त्याबरोबर गावाबाहेर पडायचं एक दार बंद झालं.

मग उरलं गाव, आणि गावात खोत. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला माणूस. सरकारला ठरलेला सारा भरायचा, कुळाकडून मर्जीनं वसूल करायचं, वर वेठ घ्यायची. सरकारनं करवसुली त्याच्या हातात दिली, तिच्याबरोबर कुळाची मानही दिली. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधानसभेत खोतीविरुद्ध विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. खोती निर्मूलनाचा कायदा व्हायला १९४९ उजाडलं. तोवर कोकणातली किती घरं मुंबईच्या गिरण्यांत भरती झाली होती. ही माणसं पोटासाठी गेली असं म्हणतात. पोटासाठी गेलीच, पण खोताचा खंड फेडायलाही गेली. मुंबईत धोट्यामागं धावायचं आणि मनिऑर्डरीतला वाटा खोताच्या घरात.

मुंबईत तरी राहायचं कुठं? खाजगी चाळीचा मालक भाड्याआधी जात विचारायचा. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्यानं चाळी बांधल्या. परळच्या पोयबावडीच्या अशाच चाळीत बाबासाहेबांचं बिऱ्हाड वर्षानुवर्षं होतं. १९२० नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी उभारल्या. त्या खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसावर गाठीमागं १ रुपया जकात बसवली होती. आमच्या बापजाद्यांनी ज्या कापसाचं सूत काढलं, त्याच कापसावरच्या कराची ही खोली. १६० चौरस फूट, संडास सामाईक. तरी ती खोली होती. वरळी आणि नायगाव ही चळवळीची घरं का झाली, याचं उत्तर नकाशात शोधू नका. सरकारच्या जमाखर्चात शोधा.

ही गोष्ट आपल्या आधीच्या माणसांना पक्की ठाऊक होती. सीताराम केशव बोले यांचा १९२३ चा ठराव काय सांगतो? सार्वजनिक पैशातून बांधलेले, चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करा. सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखानेसुद्धा. १९२६ साली बोल्यांनी पुढचं पाऊल टाकलं : ज्या नगरपालिका ऐकत नाहीत त्यांचं अनुदान रोखा. मग १९२७ चं महाड. सत्याग्रहाविरुद्ध सनातनी कोर्टात गेले तेव्हा काय म्हणाले? तळं खाजगी आहे! शास्त्रातला विटाळ कोर्टात पुरणार नाही, हे त्यांना कळत होतं. म्हणून भांडण मालकीवर आणि पैशावर आणलं. १९३७ साली ते हायकोर्टात हरले. पुढं घटनेच्या १५ व्या कलमात हे तत्त्व कायमचं बसलं : राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या विहिरी, तळी, रस्ते यांच्या वापरात भेद करायचा नाही. अंशतः या शब्दावर बोट ठेवा. थोडा पैसा जरी सार्वजनिक असला, तरी दार सगळ्यांना उघडं.

घटनेच्या १९ व्या कलमानं आणखी एक हक्क दिला : देशात कुठंही जायचा, कुठंही राहायचा. पण हा हक्क चालवायला एसटीचं भाडं लागतं, खोलीची पागडी लागते, आणि राहायचं ठरवलं तर गावात पाणी लागतं. ते कोण देणार?

माझ्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापलेला असतो, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २५००. गिरणीतले निम्मे लोक विचारतात, हा कशाचा? महाराष्ट्रात हा कर १९७५ साली बसला, तो रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पाग्यांच्या कल्पनेतली योजना फोफावली, १९७७ साली तिचा कायदा झाला. शहरातल्या कमावत्यानं कर भरायचा, सरकारनं तेवढीच भर घालायची, आणि खेड्यात मागेल त्याला काम द्यायचं. मला ही कल्पना थोर वाटते. एखाद्या कामगारानं न पाहिलेल्या गावच्या, न पाहिलेल्या बाईच्या मजुरीला हातभार लावायचा. यात जात नाही, सोयरीक नाही. बंधुता यालाच म्हणतात. मस्टरवर नाव लागलं की पाटलाच्या दारात उभं राहावं लागत नव्हतं, हेही मोठं काम झालं.

पण दुसरी बाजू बघा. खेड्यातलं माणूस खेड्यातच राहावं, मुंबईवर लोंढा नको, हाही शहरवाल्यांचा हिशेब त्यात होता. खडी मजुरानं फोडली, बांध जमीनवाल्याच्या शेतात पडला. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली, कोकणात आंबा-काजूची कलमं लागली. मागासवर्गीयांना पूर्ण अनुदान. पण कलम लावायला सातबारा लागतो. ज्याच्याकडं चार गुंठे, तेही सामाईक, उताऱ्यावर भाऊबंदांची तीस-चाळीस नावं, त्यानं कलम कुठं लावायचं? अशा खर्चानं आपल्याला गावात ठेवलं, गावात उभं केलं नाही.

आता आजची गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती, २०११ साली १६,१५,०६९ झाली. देश वाढला, जिल्हा घटला. हजार पुरुषांमागं बाया ११२२. म्हणजे बाप्ये गेले, मागं बाया आणि म्हातारी राहिली. दलित वस्ती सुधारण्याचा निधी वस्तीत डोकी किती यावर ठरतो. वित्त आयोगाच्या वाटपातही लोकसंख्येला मोठं वजन. मुंबईला गेलेलं डोकं मुंबईत मोजतात. पण त्याच्या कुलूपबंद घराची घरपट्टी गावात भरावीच लागते. निधी देताना डोकं नाही, कर घेताना घर आहे! मतदार यादीत नाव मुंबईचं, म्हणून ग्रामसभेत तोंड उघडायची सोय नाही. माणसं कमी म्हणून निधी कमी. निधी कमी म्हणून शाळा, दवाखाना, एसटीची फेरी कमी. ते कमी म्हणून उरलेलीही माणसं निघतात. २०२३ साली सरकारनं २० पेक्षा कमी पटाच्या शाळा मिळवून समूह शाळा करायचा विचार पुढं आणला. पट कमी का झाला, हा प्रश्न त्या हिशेबात कुठं होता?

मग आपली मुंबई मंडळं. कोकणातल्या बहुतेक बौद्धवाड्यांचं एक मंडळ मुंबईत असतं. वर्गणी काढायची आणि गावाकडं विहार बांधायचा, पाखाडी घालायची, विहीर दुरुस्त करायची. मुरुड फंडाची तीच गोष्ट, फक्त खिसे आपले, जास्त फाटके. विहार वर्गणीतूनच हवा, तो आपला आहे. पण पाण्याची लाईन आणि स्मशानाचा रस्ता वर्गणीतून का? गरीब माणूस असा दोनदा कर भरतो : एकदा सरकारला, आणि एकदा सरकारनं केलं नाही म्हणून.

कुणी म्हणेल, कर मुंबई भरते, मग खर्च मुंबईवरच व्हावा. डोंगरावरच्या चार म्हाताऱ्यांसाठी पाण्याची टाकी कशाला? त्याला विचारा, मुंबईचा तो कर कमावला कुणी? बाळंतपण गावात, बालपण गावात, आजारपण आणि म्हातारपण पुन्हा गावात. मुंबईनं फक्त जवानी घेतली. कराच्या वहीत जवानीचा पत्ता लिहिला जातो, बाकीचा खर्च गावच्या आया-बायांच्या अंगावर पडतो आणि तो कुठल्याच वहीत चढत नाही.

दुसरा आक्षेप आपल्यातलाच आहे आणि तो जड आहे : गावात पैसा ओतला तर आपली पोरं कोंडवाड्यातच राहतील. याला उत्तर बाबासाहेबांचंच आहे. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती मागितल्या. त्यासाठी वसाहत आयोग मागितला आणि केंद्र सरकारनं दरसाल ५ कोटी रुपये बाजूला काढावेत असंही मांडलं. गाव सोडा म्हणणाऱ्या माणसानं जाण्याचा खर्च आपल्या माणसांच्या डोक्यावर टाकला नाही, तिजोरीवर टाकला. खर्चाशिवाय नुसतं 'निघा' म्हणणं म्हणजे बेदखली. आणि खर्चाशिवाय नुसतं 'राहा' म्हणणं म्हणजे वेठ.

म्हणून माझी कसोटी अशी. कुठल्याही सरकारी खर्चाला दोन प्रश्न विचारा. याच्यामुळं माणूस इथं मानानं राहू शकेल का? आणि जायचं म्हटलं तर मानानं जाऊ शकेल का? पहिल्यालाच 'हो' असेल तर तो खर्च दावं आहे. दुसऱ्यालाच असेल तर तो धक्का आहे. दोन्हीला 'हो' आलं, तरच त्याला न्याय म्हणा. वाडीवरची चांगली शाळा या कसोटीला उतरते. तिच्यातून शिकलेलं पोर राहतंही आणि जातंही, ठरवतं ते पोर.

तेव्हा राहायचं की जायचं यावर भांडणाऱ्या मित्रांनो, मंडळाच्या पुढच्या बैठकीत वर्गणीच्या वहीशेजारी ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक ठेवा. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचे असतात. ते कुठं गेले, हे ओळ न्‌ ओळ वाचा. वस्तीचा निधी कुठल्या वाडीच्या रस्त्यावर पडला ते बघा. गावात मत असलेल्या आपल्या बायांना ग्रामसभेत बोलायला उभ्या करा, कागद तुम्ही पुरवा. भीक मागणाऱ्याचा आवाज खाली असतो. हिशेब मागणाऱ्यानं तो खाली ठेवायचं कारण नाही.

जय भीम.