डेमोक्रॅटची वेळ

अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या फोर्ट रॉबिन्सनला लष्कराची मोठी पागा होती. तिथे 1933 साली एक शिंगरू जन्मले. त्याचे नाव ठेवले डेमोक्रॅट. शिंगरू मोठे झाले, उंच अडथळे सहज ओलांडू लागले, आणि लष्कराच्या स्पर्धेतल्या घोड्यांमध्ये त्याची गणना झाली.

तो सात वर्षांचा झाला, उमेदीत आला. त्याच साली, 1940मध्ये, हेलसिंकीला ऑलिंपिक भरायचे होते. महायुद्ध पेटले आणि ते भरलेच नाही. 1944चेही गेले. घोड्याला यातले काय कळणार? त्याला वेळेवर चंदी लागे, खरारा लागे, रोजची रपेट लागे.

1948 साली लंडनला ऑलिंपिक झाले, तेव्हा डेमोक्रॅट पंधरा वर्षांचा होता. अमेरिकी लष्करातले कर्नल विंग त्याच्यावर स्वार होते. सुवर्णपदक मेक्सिकोच्या स्वाराने नेले. त्याच्यामागे विंग धरून तिघेजण आठ-आठ दोषगुणांवर अडले. तिघांना पुन्हा उड्या घ्यायला लावल्या. दोघांना पदके मिळाली, डेमोक्रॅट चौथा आला.

पुढे अमेरिकी लष्करातले घोडदळाचे दिवस सरले. 1950 साली नागरिकांनी घोडेस्वारीचा नवा संघ उभा केला. डेमोक्रॅट तेव्हा सतरा वर्षांचा होता; या वयात घोडे कुरणात सोडतात. तो मात्र अजून उड्या घेत होता. 1952चे ऑलिंपिक हेलसिंकीला होते, बारा वर्षांपूर्वी हुकलेल्या त्याच गावी. एकोणीस वर्षांचा डेमोक्रॅट तिथे गेला. पाठीवर लष्करातलेच जॉन रसेल होते. अमेरिकेच्या संघाला कांस्यपदक मिळाले.

पदक स्वारांच्या नावावर लागते, आणि ते रास्तच आहे. पण स्पर्धाच नव्हत्या त्या वर्षांत घोड्याचे पाय शाबूत राहिले, ते मोतद्दारांच्या आणि नालबंदांच्या हातांनी. ऑलिंपिक भरणार की नाही, यावर त्यांचे काम अडून नव्हते. या सगळ्या गोष्टीत मला मोठी वाटते ती ही माणसे.

1952च्याच शरदात हॅरिसबर्ग, न्यूयॉर्क आणि टोरांटोच्या मैदानांवर डेमोक्रॅट पुन्हा उतरला. या वेळी स्वार होते बिल स्टाइनक्राउस, युद्धात ब्रह्मदेशात लढून आलेले. ज्या ज्या वैयक्तिक स्पर्धेत ही जोडी उतरली, ती प्रत्येक तिने जिंकली. मगच डेमोक्रॅटला निवृत्त केले.