देवाने आणलेली पावती

सज्जनहो, दामाजीपंतांची कथा ज्याने ऐकली नाही असा वारकरी विरळा. मंगळवेढ्याला बेदरच्या बादशहाचे धान्याचे कोठार होते आणि ते पंतांच्या ताब्यात होते. दुष्काळ पडला, माणसे अन्नान्न करून मरू लागली, तेव्हा पंतांनी कोठार मोकळे केले. मग बादशहाचे बोलावणे आले. पुढचे परंपरा सांगते. पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेतले, दरबारात जाऊन धान्याचे मोल भरले आणि पावती आणून पंतांच्या गीतेच्या पोथीत ठेवली.

कीर्तनात आपण येथे टाळ्या वाजवून पुढे जातो. आज त्या पावतीपाशी थोडे थांबू. देव तर सर्वसमर्थ. बादशहाची मती फिरवणे त्याला जड होते काय? तरी तो पायी गेला, दरबारात उभा राहिला, पैसे मोजले आणि लेखी पावती मागून घेतली. कारण भक्ताचा प्राण हिशेबाच्या वहीत अडकला होता, तो तेथूनच सोडवायला हवा होता. संकट कागदाचे, तर निवारणही कागदाचे.

आता आपल्या यवतमाळ जिल्ह्याकडे पाहा. सोळा तालुक्यांचा हा कापसाचा मुलूख. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे त्याचे नाव देशभर गेले. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, तीत यवतमाळ होते. जिल्ह्याच्या झरी-जामणी, केळापूर, मारेगाव, घाटंजी या भागांत कोलामांचे पोड, म्हणजे लहान लहान वस्त्या आहेत. कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमाती. देशातल्या अशा ७५ जमातींना घर, पाणी, रस्ता, औषधोपचार मिळावा म्हणून १५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने ‘पीएम-जनमन’ हे अभियान सुरू केले. पांढरकवड्याला आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालयही आहे.

मग अडते कुठे? शास्त्राभ्यासात ग्रंथ हाती घेताना चार गोष्टी आधी पाहतात : अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. आपल्या बोलण्यात अधिकारी म्हणजे खुर्चीवर बसलेले साहेब. शास्त्रात मात्र अधिकारी म्हणजे ज्याला त्या ग्रंथाचा लाभ घेण्याचा अधिकार आहे तो. या अर्थाने पाहिले तर पोडावरची विधवा हीच खरी अधिकारी. योजना हा विषय. तिच्या चुलीवर भाकरी भाजली जावी हे प्रयोजन. तिन्ही आहेत. चौथा संबंध तेवढा नाही. ग्रंथाला विषयाशी जोडतो तो संबंध. येथे तो शब्द जरा ताणून घेऊ आणि योजनेला माणसाशी जोडतो तो संबंध म्हणू.

समजा, पोडावरच्या एका माउलीचा मालक वारला. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालापासून चालू आहे. निराधार विधवेला २०२३ पासून तीत महिना १,५०० रुपये आहेत. पण त्यासाठी नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून हवा, उत्पन्नाचा दाखला तहसीलातून हवा. वयाचा पुरावा, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा, आधार, बँकेचे पासबुक, हे सगळे हवे. आधारावर नाव एक आणि रेशनकार्डावर दुसरे निघाले की गाडी थांबली. तिची बोली कोलामी, ती द्राविड कुळातली, अर्ज मराठीत. एका हेलपाट्याला एका दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचे भाडे. ‘साहेब मिटिंगला गेले, उद्या या’ असे दोनदा ऐकले की तिसऱ्यांदा ती घरीच बसते. तिला नाही कोणीच म्हटलेले नसते, आणि मिळालेलेही काही नसते. मंजुरी झाली तरी दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. आपण जिवंत आहोत हेसुद्धा या बाईने कागदावर सिद्ध करायचे!

कोणी म्हणेल, “महाराज, हे काम सरकारचे. वारकऱ्याने नाम घ्यावे, कचेरीत कशाला जावे?” हा पूर्वपक्ष झाला. त्याचे उत्तर पुंडलिकाने देऊन ठेवले आहे. साक्षात देव दारी आला असताना त्याने आईबापांची सेवा सोडली नाही, देवाला वीट दिली आणि थांबायला सांगितले. देवही रागावला नाही, थांबला. आपल्या विदर्भाचे गाडगेबाबा आधी गाव झाडीत आणि मग कीर्तनाला उभे राहत. पंढरीत त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. नाम सोडून सेवा करा असे कोणीच म्हणत नाही. मुखी नाम असू द्या आणि पाय तहसीलाकडे वळू द्या.

वारकऱ्याला सोबत शिकवावी लागत नाही. दिंडीत म्हातारीची पिशवी कोण घेतो, मागे राहिलेल्यासाठी कोण थांबतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. तेच येथे करायचे. प्रत्येक भजनी मंडळाने दोन माणसे नेमावीत, त्यांत एक कोलामी जाणणारा तरुण असावा. एकादशीचे भजन झाल्यावर अर्धा तास बसून कोणाचा कोणता कागद अडला ते वहीत लिहावे. मग त्या माउलीबरोबर जावे, अर्ज द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये. २०१५ सालच्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या सेवांना मुदत घातली आहे. मुदत टळली किंवा नकार आला तर तीस दिवसांत पहिले अपील, पुढे दुसरे, त्यापुढे आयोग. कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. पण हे सारे पोचेच्या तारखेवर चालते. ज्याच्याकडे पोच नाही त्याचा अर्जच नाही.

दोन पथ्ये पाळावीत. या कामाचा एक पैसा घेऊ नये, चहासुद्धा आपल्या खिशातून प्यावा. पैसा घेतला की वाटाड्याचा दलाल होतो. आणि साहेबाशी भांडू नये. तोही कामाच्या ओझ्याखाली दबलेला असतो. ‘रामकृष्णहरी’ म्हणून बसावे, पण काम झाल्याशिवाय हलू नये.

सोबतीने सगळेच सुटेल असे मात्र नाही. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी एक लाखाची मदत देण्याचा नियम आहे. पण जमीन कुटुंबाच्या नावे हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. ज्याने दुसऱ्याचे शेत मक्त्याने केले, बिनपरवान्याच्या सावकाराकडून पैसे काढले, त्याच्या विधवेच्या कागदावर ‘अपात्र’ असा शिक्का बसतो. तेथे नियमच बदलायला हवा. त्यासाठी ग्रामसभेत उभे राहून बोलावे, ठराव लिहून घ्यावा, आणि त्याचीही पोच घ्यावी. तोवर त्या घरी पायली-दोन पायली ज्वारी पोचती करणे हे गावाचे काम आहे.

येत्या एकादशीला आपल्या गावची वही घाला. पहिल्या पानावर पांडुरंगाचे नाव लिहा, आणि त्याखाली ज्या घरी कोणी जात नाही त्या घरचे नाव लिहा.

रामकृष्णहरी.