साक्षी आणि साधना

संघर्षाची कथा सांगताना मराठी मन बहुधा एकाकी पुरुषाचे चित्र रेखाटते. प्रतिकूलतेशी झुंजणारा, कोणापुढेही हात न पसरणारा आणि अखेरीस स्वतःच्या बळावर तरून जाणारा असा हा पुरुष असतो. त्याने जगाकडे काही मागितले तर त्याची उंची उणावली, असे मानले जाते. फलाशेवाचून कर्म करावे या शिकवणुकीचाही पुष्कळदा असाच अर्थ लावला जातो. बंगळूरशी ज्यांचे नाव एकरूप झाले त्या फुटबॉलपटू सुनील छेत्री यांचे जीवन या समजुतीपुढे एक अवघड प्रश्न उभा करते.

1984 मध्ये सिकंदराबादेत एका सैनिकाच्या घरी जन्मलेले छेत्री 2002 मध्ये मोहन बागानमध्ये दाखल झाले. 2005 मध्ये क्वेट्टा येथे पाकिस्तानविरुद्ध पदार्पणातच त्यांनी गोल केला. परदेशात आपले कसब पारखून पाहण्याचे त्यांचे प्रयत्न मात्र फळले नाहीत. 2010 मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी आणि 2012 मध्ये पोर्तुगालमधील स्पोर्टिंगचा दुय्यम संघ, दोन्हीकडे त्यांच्या वाट्याला मुख्यतः प्रतीक्षाच आली. 2013 मध्ये स्थापन झालेल्या बंगळूर एफसीचे नेतृत्व त्यांनी स्वीकारले व पहिल्याच हंगामात संघाने आय-लीग जिंकली. येथवरची कथा रूढ साच्यात सहज बसते.

तो साचा 2018 च्या जूनमध्ये मोडला. मुंबईत अंधेरी येथे भारताने चायनीज तैपेईला 5-0 असे हरवले. त्यांपैकी तीन गोल छेत्री यांचे होते आणि प्रेक्षक होते अवघे अडीच हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी चित्रफितीद्वारे त्यांनी लोकांना विनविले की, टीका करा, हवे तर शिव्या द्या, पण मैदानावर या. 4 जूनला केनियाविरुद्धच्या, त्यांच्या शंभराव्या, सामन्यास मैदान भरून गेले.

या विनवणीस कीर्तीची हाव म्हणावे काय? त्यांनी स्तुती मागितली नव्हती. निंदेची मुभा तर आधीच देऊन टाकली होती. त्यांनी मागितली ती केवळ उपस्थिती. फळ आणि साक्ष यांतील हा भेद महत्त्वाचा आहे. श्रोत्यांवाचून कीर्तन रंगत नाही, म्हणून कीर्तनकार लोभी ठरत नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ उतरतात तेव्हा कडेला बसलेली पेठ ही खेळाचाच एक भाग असते.

यावर एक आक्षेप संभवतो. दुबळ्या संघाचा खेळ पाहण्याचे कर्तव्य प्रेक्षकावर कोणी लादले? कोणीच नाही, आणि म्हणूनच या विनवणीला नैतिक मोल आहे. हक्क सांगणाऱ्याला नकाराचे भय नसते. मागणारा ते भय पत्करतो, आपली गरज उघड करतो आणि देण्याचे स्वातंत्र्य समोरच्याकडे ठेवतो. याला दुबळेपणा म्हणता येणार नाही.

2024 मध्ये निवृत्त झालेले छेत्री 2025 च्या मार्चमध्ये पुन्हा भारतासाठी खेळले आणि मालदीवविरुद्ध त्यांनी आपला 95 वा गोल केला. एकदा निरोप घेतलेल्या खेळाडूला चाळिशीत परत यावे लागले, यात त्यांच्या निष्ठेइतकीच मागे राहिलेली उणीवही दिसते. एका सायंकाळी मैदान भरणे ही सहानुभूती होय. ते वर्षानुवर्षे भरत राहणे ही संस्कृती. पहिली विनवणीने मिळते. दुसरी घडविण्याचे दायित्व एकट्या खेळाडूच्या खांद्यावर टाकता येत नाही.