राजनिष्ठेच्या सहा पिढ्या

राजनिष्ठा म्हटली की आपल्याला एकच, सरळसोट गोष्ट वाटते. इंग्लंडच्या हॉवर्ड घराण्याचा इतिहास वाचताना मात्र प्रश्न पडतो: निष्ठा नेमकी कोणाशी? या घराण्याच्या सहा पिढ्यांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली.

जॉन हॉवर्डला तिसऱ्या रिचर्डने १४८३ मध्ये नॉरफोकचा ड्यूक केले. दोनच वर्षांनी बॉसवर्थच्या लढाईत तो रिचर्डसाठी लढताना मारला गेला. खाल्ल्या मिठाला जागणे, एवढाच त्याच्या निष्ठेचा अर्थ. त्याचा मुलगा थॉमस त्याच लढाईत पकडला गेला. पदवी गेली, जमिनी गेल्या, काही वर्षे लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत गेली. सुटल्यावर त्याने बापाच्या शत्रूचीच चाकरी पत्करली. १५१३ मध्ये, सत्तरीच्या घरात असताना, त्याने फ्लॉडनला स्कॉटिश सैन्याचा पराभव केला. राजा चौथा जेम्स तिथेच पडला. पुढच्या वर्षी ड्यूकपदवी परत मिळाली. त्याची निष्ठा सिंहासनाशी होती. त्यावर कोण बसले आहे, हा प्रश्न त्याने मागे टाकला होता.

त्याच्या मुलाच्या, म्हणजे तिसऱ्या ड्यूकच्या काळात मानमरातब रणांगणापेक्षा आठव्या हेन्रीच्या महालात ठरू लागला. या ड्यूकच्या दोन भाच्या-पुतण्या राण्या झाल्या: बहिणीची मुलगी अ‍ॅन बोलिन आणि भावाची मुलगी कॅथरीन हॉवर्ड. १५३६ मध्ये अ‍ॅनवर खटला चालला तेव्हा न्यायासनावर हा मामाच होता आणि मृत्युदंडही त्यानेच सुनावला. पुढे कॅथरीन गोत्यात आली, तेव्हा त्याने राजाला पत्र लिहून आपल्याच नातलगांपासून हात झटकले. राजाची मर्जी रक्ताच्या नात्याहून मोठी, हा धडा त्याने घरात घालून दिला.

तो धडा त्याच्यावरच उलटला. १५४६ च्या डिसेंबरात तो आणि त्याचा मुलगा हेन्री, सरेचा अर्ल, यांना अटक झाली. इंग्रजी कवितेत निर्यमक छंद रुजवणाऱ्या या कवीवर ठपका होता तो ढालीवरच्या राजचिन्हाचा: एडवर्ड द कन्फेसरचे चिन्ह त्याने आपल्या कुलचिन्हात घेतले होते. त्याच्याविरुद्ध जबानी देणाऱ्यांत सख्खी बहीण मेरीही होती. १९ जानेवारी १५४७ रोजी सरेचा शिरच्छेद झाला. बापाचीही पाळी आली होती. पण २८ जानेवारीच्या पहाटे राजाच मरण पावला. आयुष्यभर मर्जी राखणाऱ्याला जीवदान मिळाले ते राजाच्या कृपेने नव्हे, त्याच्या मरणाने. त्यानंतरही त्याने सहा वर्षे कैदेत काढली.

ज्या निष्ठेला मर्यादाच नाही, तिची परतफेड करण्याचे बंधनही राजावर राहत नाही. सरेचा मुलगा, चौथा ड्यूक, याने मग स्वतःचा डाव मांडला. स्कॉटलंडच्या मेरी राणीशी लग्नाचा बेत आणि इंग्लंडच्या राणी एलिझाबेथविरुद्धच्या कटाशी संबंध त्याला भोवला. १५७२ मध्ये त्याचेही डोके उडाले.

निराळे उत्तर दिले त्याच्या मुलाने. फिलिप हॉवर्ड, अरंडेलचा अर्ल, तरुणपणी एलिझाबेथच्या दरबारात रमला होता. पुढे तो कॅथलिक झाला, १५८५ मध्ये देश सोडताना पकडला गेला आणि दहा वर्षांनी टॉवरमध्येच वारला. त्याने धर्म सोडला नाही. राजसत्तेचा अधिकार माणसाच्या श्रद्धेपर्यंत पोहोचत नाही, हे त्याने वागण्यातून दाखवले. त्या काळी हा राजद्रोह ठरला. १९७० मध्ये रोमने त्याला संत घोषित केले.

घराण्याला ड्यूकपदवी १६६० मध्ये पुन्हा मिळाली. राजसमारंभांची व्यवस्था पाहणारे अर्ल मार्शल हे पदही आज वंशपरंपरेने त्यांच्याकडेच आहे. २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक अँग्लिकन विधीने झाला. त्याची व्यवस्था पाहणारा ड्यूक कॅथलिक होता आणि त्यात कोणालाही विसंगती वाटली नाही. सत्तेला माणसाचे काम मागता येते, मन मागता येत नाही, हे मान्य व्हायला शतके जावी लागली. आजही कोणी संपूर्ण निष्ठा मागू लागला, तर तो आपल्याला आठव्या हेन्रीच्या महालात परत बोलावत असतो.